उपाशी घोड्याची सुटका आणि नवं घर: पुण्यात हे काम करताना

आषाढी एकादशी उलटली की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर एक घोडी आहे. बरगड्या मोजता येतायत. काहीतरी करा ना." कधी हडपसरहून, कधी कात्रजहून, कधी मुठेच्या काठावरून. घोडी बहुतेक वेळा वरातीची असते. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत तिची कमाई बंद. दाणा-वैरण मात्र रोज लागतेच. मग मालक तिच्या पुढच्या पायांना पायबंद घालतो आणि पावसाळी गवताच्या भरवशावर तिला सोडून देतो. प्लॉटवरचं गवत आठवड्याभरात संपतं. त्यानंतर कचरा.

फोन करणाऱ्यांची तळमळ खरी असते. म्हणूनच हे लिहायला बसले, कारण नुसत्या तळमळीने घोडं मरू शकतं. माझ्या हातून मेलं आहे. बारा वर्षांपूर्वी एक तांबूस टट्टू मी मोठ्या उत्साहाने आणलं. रात्रभर भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा, वर गुळाचा खडा. घमेलं चाटूनपुसून स्वच्छ करायचं. त्याला खाताना बघून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या दिवशी पहाटे त्याचे पाय थरथरायला लागले, दुपारी ते खाली बसलं आणि संध्याकाळी गेलं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खायला काय घातलंत?"

त्या दिवसानंतर जे शिकले ते क्रमाने सांगते.

आधी लांबून बघा

घोडं दिसलं की लगेच जवळ जाऊ नका. दहा मिनिटं लांब उभं राहून बघा. चारही पायांवर सारखा भार आहे का? एखादा पाय टेकवत नाही का? कान हलतायत का? नाकातून काही वाहतंय का? लीद पडलेली आहे का आणि तिच्यात प्लॅस्टिक दिसतंय का? फोटो आणि व्हिडिओ याच वेळी काढा: दोन्ही बाजूंनी, मागून, खुरांचे, जखमांचे, आणि आजूबाजूची एखादी ओळखीची खूण येईल असे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच उपयोगी पडतात.

जवळ जाताना डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत बोलत जा. थेट मागून कधीच नाही. घोड्याला अगदी पाठीमागचं दिसत नाही, आणि दचकलेलं घोडं आधी लाथ झाडतं. कान मागे चिकटवले असतील तर तिथेच थांबा.

पोटावरून अंदाज करू नका. जंतांनी पोट सुटलेलं घोडं खाऊन तृप्त झाल्यासारखं दिसतं, आणि वाढलेले केस बरगड्या झाकतात. हात फिरवून बघा. सहा जागा: मान, खोगीर टेकतं ती जागा, खांद्याच्या मागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं बूड. जगभरचे पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी हेनेके पद्धत वापरतात. १ म्हणजे नुसता सांगाडा, ९ म्हणजे अति लठ्ठ, आणि ५ म्हणजे बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटांना लागतात. पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला, पुठ्ठे खपाटीला गेलेले आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले असले, तर ते घोडं १ किंवा २ मध्ये आहे. त्याला खायला घालणं हेही वैद्यकीय काम आहे असं समजा.

सोबत थर्मामीटर ठेवा. विश्रांती घेणाऱ्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांना लागते. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. हे आकडे फोनवर सांगितले की डॉक्टरही लगेच गाडी काढतात. "घोडं खूप आजारी आहे" एवढंच सांगितलं तर त्यांना घाई किती आहे ते कळत नाही.

एक गोष्ट मुळीच करू नका: दया येऊन पायबंद कापणं. बायपासशेजारच्या प्लॉटवरचं घोडं मोकळं सुटलं की ट्रकखाली जातं, आणि सोबत एखादा दुचाकीवालाही. आधी गळ्यात दोर, दोराला माणूस, मग पायबंद.

मालक असतोच

"बेवारस आहे" हे मी आता ऐकून सोडून देते. घोडं ही कुत्र्या-मांजरासारखी रस्त्यावर जन्मणारी जात नाही. कुणीतरी ते बाजारातून आणलेलं असतं. चहाच्या टपरीवर, बँडवाल्याकडे, मंडपवाल्याकडे विचारा. "मामा, ही पांढरी घोडी कुणाची हो?" एवढं पुरतं. दोन दिवसांत नाव कळतं.

भेटायला जाताना पाच-सहा जणांचा घोळका आणि सुरू असलेला कॅमेरा घेऊन जाऊ नका. मालक चिडला की त्याच रात्री घोडी दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि तुम्हाला पुन्हा दिसत नाही. मी एखाद्या वयस्कर माणसाला सोबत घेते आणि बसून बोलते. एकदा येरवड्याच्या बाजूला एका मालकाने मला आत बोलावून रिकामा डबा दाखवला. "ताई, पोरांना दोन वेळचं घालताना नाकी नऊ येतात. हिला काय घालू?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या वडिलांचा टांगा होता, तो गेला. वरातीची घोडी आली, आता वराती चारचाकीतून निघतात. अशा माणसाला काही महिन्यांची वैरण, एकदा नालबंद आणि एकदा डॉक्टर मिळाले तर तो घोडी नीट सांभाळतो. घोडं मालकाकडेच सुधारलं तर त्याहून चांगलं पुनर्वसन नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. पण आठवड्याला एकदा तिथे जाऊन बघावं लागतं, आणि तेवढा वेळ द्यायला फार थोडे जण तयार असतात.

मालक घोडी द्यायला तयार झाला तर ते कागदावर घ्या. स्टॅम्प पेपरवर ताबापत्र: घोडीचा रंग, कपाळावरची आणि पायांवरची पांढरी खूण, अंदाजे वय, आजची अवस्था, "मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता कायमचा ताबा देत आहे" हे वाक्य, दोन साक्षीदार, ओळखपत्राची प्रत आणि त्याच दिवशी काढलेला घोडीसोबतचा फोटो. हा कागद नसेल तर अंग भरल्यावर मालक परत येतो. अंग भरलेली घोडी मार्गशीर्षात पुन्हा कमावती असते.

पैसे देऊन विकत घेऊ नका. हा नियम मी एकदा मोडला. घोडी डोळ्यांसमोर मरत होती, मालक आकडा धरून बसला होता, मी पैसे मोजले. तीन महिन्यांनी त्याच खुंट्याला दुसरं शिंगरू बांधलेलं होतं. अकलूज आणि सारंगखेड्याला घोड्यांचे बाजार भरतात. तुमच्या पैशातून पुढचं घोडं तिथूनच येतं.

बोलून भागलं नाही तर कायदा

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला जुंपणं, आखूड दोराने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि सोडून देणं हे सगळं गुन्ह्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. होय, अजूनही तेवढाच. त्यामुळे नुसत्या दंडासाठी तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार करायची ती जनावर ताब्यात मिळावं म्हणून. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला पाठवता येतं. अर्जात हे कलम लिहा. ठाण्यातल्या साहेबांना ते रोज लागत नाही, त्यामुळे कायद्याच्या त्या पानाची छापील प्रत सोबत न्या.

जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. काटेरी लगामावर, म्हणजे तोंडात टोचणाऱ्या लोखंडावर, १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांनी बंदी आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांच्या वर नको, आणि पारा ३७ च्या पुढे गेला तर दुपारी बारा ते तीन काम बंद, असंही आहे. वैशाखातल्या दुपारच्या वरातीत हे दाखवून मी दोनदा घोडी सावलीत उभी करायला लावली आहे.

जप्ती झाली की २०१७ चे मुद्देमाल जनावरांचे नियम लागू होतात. खटला चालू असताना न्यायदंडाधिकारी जनावर पांजरपोळ, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था किंवा प्राणी कल्याण संस्थेच्या ताब्यात ठेवू शकतात आणि सांभाळाचा खर्च मालकाकडून घेता येतो. आरोप सिद्ध झाला तर मालकी जाते. पण निकाल लागेपर्यंत ते घोडं तुमचं नाही. कुणाला दत्तक देता येत नाही, गावाबाहेर हलवायचं तरी न्यायालयाला विचारावं लागतं. म्हणून एकट्याने या वाटेला जाऊ नका, नोंदणीकृत संस्था सोबत घ्या. पुण्यात बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट जखमी जनावरांसाठी काम करते, भोसरीला पांजरपोळ आहे, सांगली-सोलापूरकडे अॅनिमल राहत कष्टाच्या जनावरांसाठी काम करते. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

गाडीत घालण्याआधी

जे घोडं चार पायांवर स्वतः उभं राहत नाही ते गाडीत घालू नका. डॉक्टरांना तिथेच आणा. उभं राहतंय तर प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र घ्या, कारण ते नियमाने लागतं आणि नाक्यावर अडवलं तर तेच दाखवायचं असतं.

छोटा हत्ती नको. त्याचे बाजूचे पत्रे बुटके असतात आणि घोडं वळणावर बाहेर झुकतं. उंच फळ्यांचा चारशेसात टेम्पो बघा. तळाला वाळू किंवा ओलं पाचट पसरा, नुसत्या पत्र्यावर खूर घसरतात. चढवायला फळी नसेल तर गाडी एखाद्या बांधाला किंवा उंचवट्याला लावा. दोर ओढून, मागून मारून घोडं चढत नाही. पुढे घासाची पेंढी धरा, मागे दोन माणसं हातात हात अडकवून उभी करा आणि वाट बघा. अर्धा तास लागला तर लागू द्या. डोकं सुट्या गाठीने बांधा, म्हणजे एका झटक्यात सोडवता येईल. गुंगीचं औषध स्वतः देऊ नका, अशक्त घोडं उभ्याउभ्या कोसळतं. पहाटे निघा. गर्दी नसते आणि ऊनही नसतं.

आल्यावर २१ दिवस वेगळं

तुमच्याकडे दुसरी घोडी असोत वा नसोत, नवं घोडं तीन आठवडे वेगळं ठेवायचं. मला सगळ्यात भीती वाटते ती ग्लँडर्सची. नाकातून चिकट पिवळट स्राव, नाकपुडीत व्रण, पायांवर ओळीने उठलेल्या आणि फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. कधी लक्षणं दिसतही नाहीत. हा रोग माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. घोड्यांसाठी लस नाही, उपचाराची परवानगी नाही. २००९ च्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली त्याची खबर देणं बंधनकारक आहे आणि तपासणीत पक्का ठरला तर घोडं शांतपणे मारावं लागतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सरकारी पशुवैद्यकामार्फत रक्ताचा नमुना द्या. आपल्याकडे औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल येईपर्यंत हातमोजे, मास्क, वेगळी बादली, अंग घासायचा वेगळा खरारा. लहान मुलांना जवळ सोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

पहिले दहा दिवस: घोडं वाचतं किंवा जातं ते इथे

माझं टट्टू कशाने गेलं ते नीट समजून घ्या. बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर आधी चरबी जाळतं, मग स्वतःचं मांस. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कसंबसं टिकवून ठेवलेलं असतं. अशा वेळी अचानक हरभरा, गूळ, मका, ज्वारी, कोंडा असं पिठूळ किंवा गोड पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि पेशी हे क्षार रक्तातून एकदम ओढून घेतात. मग हृदय, फुप्फुसं, मज्जातंतू एकामागून एक हात टेकतात. हे खाल्ल्याबरोबर घडत नाही. तीन ते पाच दिवसांनी घडतं, घोडं सुधारतंय असं वाटायला लागल्यावर.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळी वैरण घालून यावर अभ्यास केला आणि लसूणघास, म्हणजे आपण नुसता घास म्हणतो तो चारा, सर्वांत सुरक्षित ठरला. त्यात प्रथिनं आणि हे क्षार भरपूर, पिठूळ भाग कमी. आपलं नशीब असं की लसूणघास पुण्यात बारा महिने मिळतो.

आधी वजन काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४० आणि लांबी १२५ असेल तर साधारण २०६ किलो. शिंपी वापरतो ती टेप टट्टूला पुरते.

पहिले तीन दिवस दर चार तासांनी, रात्र धरून सहा वेळा. साडेचारशे किलोच्या रेसच्या घोड्याला प्रत्येक वेळी अर्धा किलो वाळलेला घास, दोनशे किलोच्या टट्टूला त्याच्या निम्मा, पाव किलो. बाजारात मिळतो तो हिरवा घास असतो आणि त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाव किलो वाळलेल्याच्या जागी सव्वा किलोच्या आत हिरवा धरा, सावलीत थोडा सुकवून. चौथ्या दिवसापासून दर वेळची मात्रा हळूहळू वाढवत, वेळा कमी करत जायचं. सहाव्या दिवशी आठ तासांच्या अंतराने तीन वेळा, मोठ्या घोड्याला साधारण दोन किलो, टट्टूला एक. दहा दिवसांनंतर खाईल तेवढा घास, दिवसातून दोनदा. दाण्याला कित्येक आठवडे हात लावायचा नाही. हे सगळं डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली.

वाचायला सोपं आहे, करायला फार जड जातं. चांदी नावाची घोडी आणली तेव्हाची दुसरी रात्र सांगते. पहाटेचे दोन. कांदे तोलायच्या ताणकाट्याला पिशवी लावून मी पाव किलो घास मोजला आणि तिच्या पुढे ठेवला. चार मिनिटांत संपला. मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुढच्या खुराने दाराची फळी ठोकायला लागली. ठक, ठक, ठक. सईसाचं काम करणारा मुलगा जागा झाला. "ताई, एवढंसं घालून पाप लागेल हो." मी दिवा बंद केला आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. ठोकणं वीस-पंचवीस मिनिटं चाललं. आत जाऊन मूठभर वाढवावं असं मला किती वेळा वाटलं! सकाळी सहाला पुन्हा पाव किलो. आठव्या दिवशी तिने पहिल्यांदा घास अर्धा टाकून डुलकी घेतली, तेव्हा त्या मुलाने स्वतःच काटा जागेवर टांगून ठेवला.

पाणी सुरुवातीला चार-पाच लिटर, थोड्या थोड्या वेळाने, मग हवं तेवढं. धडधाकट घोडं दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर पितं. लीद मोजा, दिवसात आठ-दहा वेळा पडायला हवी. लीद थांबली, घोडं वळून पोटाकडे बघू लागलं, जमीन उकरू लागलं, लोळू लागलं तर तो पोटशूळ आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे अडकलेलं वर येत नाही. खाणं काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. शेजारपाजारचे बाटलीने तेल पाजायला सांगतील, ऐकू नका. ते फुप्फुसात जातं. तेल द्यायचं ते डॉक्टरांनी नाकातून नळी घालून. कचऱ्यावर जगलेल्या घोड्याच्या आतड्यात प्लॅस्टिकचा बोळा असण्याची शक्यता धरूनच चाला.

घोडं खाली पडलं असेल तर खाली जाड पेंढा, दर काही तासांनी कूस बदलणं, आणि उठवायला भरपूर माणसं. तीन दिवसांच्या पुढे आडवं राहिलेलं, शरीराचं निम्मं वजन गमावलेलं घोडं क्वचितच परत उभं राहतं. डॉक्टर त्याला शांतपणे मरण द्यायला सांगत असतील तर त्यांचं ऐका. त्या वेळी दोर कुणा मजुराच्या हातात देऊन निघून जाऊ नका, स्वतः डोक्याशी बसा.

खूर, दात, जंत, सर्रा

धनुर्वाताची लस पहिल्या भेटीतच, कारण घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो आणि रस्त्यावरच्या घोड्याच्या खुरात खिळा हमखास असतो. जंताचं औषध मात्र घाईने नको. घोडं सावरल्यावर, लीद तपासून, वजनाप्रमाणे.

नालबंदाला पहिल्या भेटीत फक्त जुने नाल काढून खूर साफ करायला सांगा. चपलेसारखे पुढे वाढलेले खूर एका दिवसात कापून सरळ होत नाहीत. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, थोडं थोडं. पावसाळ्यात खुराच्या तळाला काळा, घाण वासाचा भाग दिसला तर ती सड आहे. कोरडी जागा हेच तिचं पहिलं औषध.

खाताना तोंडातून अर्धवट चावलेले घासाचे गोळे पडत असतील तर दातांच्या कडा धारदार झालेल्या असतात. डॉक्टर कानस लावतात आणि पंधरा दिवसांत फरक दिसतो. "म्हातारी आहे, अंगाला लागत नाही" म्हणून सोडून दिलेल्या दोन घोड्यांचं दुखणं एवढंच निघालं होतं.

आणि पोटभर खाऊनही घोडं भरत नसेल, मधूनच ताप येऊन जात असेल, पायांवर आणि पोटाखाली सूज असेल, तर सर्रा आहे का बघा. हा रक्तातल्या परजीवींचा रोग गोमाश्यांसारख्या चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. रक्त तपासून घ्या. एका तपासणीत सापडला नाही म्हणजे नाही असं नसतं.

अंग भरायला तीन ते पाच महिने लागतात. तेवढ्यात माणसाविषयीची भीतीही उतरते. रोज ठराविक वेळी एकाच माणसाने खरारा करायचा, आधी खांद्यावर, मग पाठीवर, कान अगदी शेवटी. चांदीचे कान कुणीतरी पिरगाळलेले होते, तिथे हात लावू द्यायला तिला सात आठवडे लागले.

घर शोधणं

खरं तर घोडं उचलायच्या आधीच हा विचार सुरू व्हायला हवा. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं. दहा वर्षांची घोडी म्हणजे तुमच्या मुलाचं शिक्षण, नोकरी, लग्न होईपर्यंतची जबाबदारी. अडीचशे किलोच्या टट्टूला रोज पाच किलोच्या आसपास वाळली वैरण लागते, वर्षाला अठराशे किलो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे वर्षात सात-आठ खेपा. डॉक्टर वेगळे. दत्तक घ्यायला येणाऱ्याला हा हिशेब मी पहिल्या दहा मिनिटांत सांगते. निम्मे तिथेच थांबतात, आणि ते बरंच आहे.

मुळशी, पुरंदर, मावळात फार्महाऊस असलेली मंडळी उत्साहाने येतात. जागा बघायला जाताना मी लॉन बघत नाही. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, कुंपणाला काटेरी तार आहे का, सोमवार ते शुक्रवार तिथे कोण असतं, त्या माणसाला घोड्याची भीती वाटते का, जवळचा नालबंद किती लांब, हे विचारते. घोडं कळपातलं जनावर आहे. एकटं ठेवलं तर झुरतं, फळ्या चावत बसतं. म्हणून ज्याच्याकडे आधीच एक घोडं आहे त्याला पहिली पसंती, नाहीतर दोन द्यायची.

लोक विसरतात अशी एक जागा आहे: धनगर वाडे. मेंढरांबरोबर वर्षानुवर्षं घोडी चालवणारी ही माणसं आहेत. भीमथडी तट्टं, जी आता देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहेत, त्यांच्याचमुळे टिकली. काटक, तरुण, पाय बरे झालेल्या टट्टूला फार्महाऊसच्या चौकोनापेक्षा ते आयुष्य अनेकदा जास्त मानवतं. तिथे ओझं वाहावं लागतं हे मला मान्य आहे. टट्टूच्या पाठीवर सत्तर किलोची मर्यादा १९६५ च्या नियमांतच आहे, ती समजावून सांगायची आणि वाटेत भेटत राहायचं. रेसकोर्सवरून निवृत्त झालेलं उंच, पातळ कातडीचं घोडं मात्र तिथे देऊ नका. त्याला ते ऊन आणि ते चालणं झेपत नाही.

नर असेल तर देण्याआधी खच्ची करून घ्या. नाहीतर तुम्ही वाचवलेल्या एका घोड्याच्या मागे वर्षावर्षाला शिंगरं येतात आणि ती बाजारात जातात.

येणाऱ्याला तीनदा बोलवा. पहिल्या वेळी खरारा, दुसऱ्या वेळी चारही पाय उचलून खूर साफ करणं, तिसऱ्या वेळी सकाळी सहाला लीद काढणं. तिसऱ्या वेळी जो येतो त्याच्याशी करार करायचा. करारात: विकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, वरातीला किंवा भाड्याने लावायचं नाही, वीण घ्यायची नाही, न कळवता भेटायला आलेलं चालेल, आणि सांभाळणं जमलं नाही तर फक्त आमच्याकडेच परत. शेवटचं कलम सही करताना मोठ्याने वाचायला लावते. परत करताना लाज वाटू नये म्हणून.

पाठवताना सोबत दहा दिवसांची सवयीची वैरण द्या, म्हणजे नवी वैरण हळूहळू मिसळता येईल. तिची म्होरकी, तिची बादली, लसी आणि नालांच्या तारखांची वही द्या. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोटो मागवा: चेहऱ्याचा नको, बाजूने उभा आणि मागून. पुढे सहा महिने महिन्यातून एकदा.

चांदी आता सासवडच्या पलीकडे एका शेतकरी जोडप्याकडे आहे, त्यांच्या जुन्या घोडीसोबत. गेल्या श्रावणात न सांगता गेले. दोघी कडुलिंबाखाली एकमेकींच्या मानेला दातांनी खाजवत उभ्या होत्या. बरगड्यांवरून हात फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हत्या, बोटांना लागत होत्या. गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला काकूंनी खडूने नालबंदाची पुढची तारीख लिहून ठेवली होती.